अत्ताराच्या पुड्या आणि आईच्या गोळ्या

मस्कतमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या ६७ वर्षांच्या आई साताऱ्याहून काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे राहायला गेल्या आहेत. आईंना मधुमेह असून त्यासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. हृदयाची झडप बदलून धातूची झडप बसवलेली असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन रोज घ्यावी लागते, आणि पायांना सूज येते म्हणून लघवी वाढवणारी गोळीही आहे. आईंची साखर, गुडघेदुखी आणि पोट साफ न होण्याची तक्रार शेजारच्या ओमानी आजींच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी मत्रहच्या बाजारातल्या आपल्या नेहमीच्या अत्ताराकडून, म्हणजे आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानदारासारख्या माणसाकडून, सहा पुड्या आणून दिल्या. मधातून चाटायला ‘हब्बा सौदा’ हे काळे दाणे, भिजवून प्यायला हुलबा, रात्री उकळून घ्यायला सनाची पाने, साखरेवर म्हणून हंझलचे वाळलेले फळ, सकाळी पाण्यातून प्यायला लुबान आणि दृष्ट लागू नये म्हणून धुरीला हरमल. भावाचे म्हणणे असे की हे सगळे थोतांड आहे, कचऱ्यात टाक. आई म्हणतात, झाडपाल्याच्या औषधाने कोणाला कधी अपाय झालाय का? या वादात आईंनी आठवडाभर काळे दाणे आणि दोनदा सनाचा काढा घेऊनही झाला आहे. ‘यातले काय चालेल, काय चालणार नाही आणि आजींना न दुखावता हे सांगायचे कसे,’ असे या भगिनी विचारतात.

सस्नेह नमस्कार.

आज जे करायचे ते आधी सांगतो, बाकीचे सावकाश वाचावे. हंझलचे फळ कोणत्याही रूपात आईंच्या पोटात जाऊ देऊ नये. सनाचा काढा आणि मधातले काळे दाणे आजपासून बंद करावेत. वॉरफरिनची गोळी मात्र कोणीही, कितीही आपुलकीने सुचवले तरी, स्वतःच्या मनाने चुकवू नये, कारण धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरली तर ते थेट जिवावर बेतते. आय.एन.आर. म्हणजे रक्त किती पातळ झाले आहे ते सांगणारा आकडा, त्याच्या तपासणीची ठरलेली तारीख लांब असली तरी ती तपासणी दोन-तीन दिवसांत करून घ्यावी आणि त्याच वेळी रक्तातील पोटॅशियमही पाहावे. हिरड्यांतून रक्त येणे, कारणाशिवाय अंगावर काळेनिळे डाग उठणे, शौचाला डांबरासारखे काळे होणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही दिसले तर तपासणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दरदरून घाम, हातापायांची थरथर किंवा बोलण्यात असंबद्धता दिसली तर लगेच साखर मोजावी आणि ती उतरलेली असल्यास शुद्धीवर असताना साखरपाणी द्यावे.

आता भावाच्या म्हणण्याकडे येऊ. अरबी वैद्यकातील वनस्पतींना थोतांड म्हणण्याआधी त्यांनी हृदयरोगाच्या आणि त्वचारोगाच्या दवाखान्यांतली औषधे पाहावीत. ईजिप्तमध्ये ‘खिल्ला’ नावाचे ओव्याच्या कुळातले एक झाड नाईलच्या खोऱ्यात उगवते आणि त्याच्या बियांचा काढा मुतखड्याच्या कळांवर शतकानुशतके दिला जात आला आहे. १९४० च्या दशकात कैरोमध्ये ग्लेब अँरेप या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतील एक सहायक मुतखड्यासाठी हा काढा घेऊ लागला आणि त्याच्या छातीतली जुनी कळही थांबली. अँरेप यांनी तो धागा पकडला. खिल्ल्यातील खेलिन या द्रव्याच्या अभ्यासातून पुढे दम्यावरचे क्रोमोग्लायकेट आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचे अमिओडॅरोन अशी दोन औषधे निघाली. त्यातले अमिओडॅरोन आज जगभर वापरले जाते, आणि ते वॉरफरिनबरोबर द्यायची वेळ आली तर वॉरफरिनचा डोस कमी करावा लागतो, हे कोणत्याही हृदयरोगतज्ज्ञाला ठाऊक असते. वनस्पतीच्या पोटातून आलेल्या औषधाची ताकद किती असते, ते यावरून लक्षात यावे.

खिल्ल्याच्या भावंडाची, ‘आत्रीलाल’ या वनस्पतीची, गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. मलागा येथे जन्मलेला आणि १२४८ मध्ये दमास्कसला निवर्तलेला वनस्पतीज्ञ इब्न अल्-बैतार याने आपल्या कोशात सुमारे १४०० औषधी द्रव्ये नोंदवली. आत्रीलालच्या बिया पोटात देऊन अंगावरचे पांढरे डाग उन्हात धरण्याचा उपचारही त्यात आहे. नुसते बी दिले तर उपयोग नाही, ऊन हवेच, ही त्यातली खोच. १९४७ मध्ये कैरोत या बियांतून सोरालेन जातीची द्रव्ये वेगळी करण्यात आली, एल् मोफ्ती या त्वचारोगतज्ज्ञांनी ती कोडावर वापरली, आणि १९७० च्या दशकात अतिनील किरणांबरोबर सोरालेन देण्याची पद्धत जगभर रुळली. आपल्याकडे कोडावर बावची लावून उन्हात बसवत, त्या बावचीतही सोरालेनच असते. त्यामुळे ‘थोतांड’ हा शब्द आपल्या भावाने मागे घ्यावा. हवे तर आणखी एक गोष्ट त्यांना सांगावी. आईंची मेटफॉर्मिन ही गॅलेगा नावाच्या झुडपातील द्रव्यावरून सुचलेली गोळी असून मधुमेहावर ती १९५७ पासून वापरात आली. वॉरफरिनचे मूळ कुजलेल्या गोड क्लोव्हरचा चारा खाऊन रक्तस्रावाने मरणाऱ्या गुरांच्या तपासात आहे.

आईंचे म्हणणे मला जास्त काळजीचे वाटते, कारण ते लाखो घरांत रोज बोलले जाते आणि ते त्या परंपरेलाच मान्य नाही. अरबी वैद्यकाने, जे पुढे आपल्याकडे युनानी म्हणून रुजले, प्रत्येक द्रव्याला उष्ण, शीत, रुक्ष किंवा स्निग्ध असा गुण आणि त्या गुणाची पहिली ते चौथी पायरी ठरवून दिली. चौथ्या पायरीचे द्रव्य विषाच्या घरचे. युनानी निघंटू उघडला तर प्रत्येक नोंदीत मात्रा, ‘मुज़िर’ म्हणजे ते कोणत्या अवयवाला बाधते, आणि ‘मुस्लिह’ म्हणजे ती बाधा मोडायला सोबत काय द्यावे, हे रकाने असतात. झाडपाल्याला अपाय नसता तर हे रकाने कशाला ठेवले असते? इब्न सीनाने तर औषधाची परीक्षा कशी करावी याच्या अटी घातल्या आहेत, आणि त्यांतली एक अशी की परीक्षा एकाच साध्या व्याधीवर व्हावी, अनेक व्याधी एकत्र आल्या असतील तिथे नव्हे. मधुमेह, कृत्रिम झडप, पायांची सूज आणि बद्धकोष्ठ अशा चार गोष्टी एकत्र असलेल्या आपल्या आई या अटीच्या पहिल्याच पायरीला बाद होतात. इथे मी कोणत्याही आधुनिक तज्ज्ञाचा नव्हे, त्याच परंपरेतल्या सर्वांत मोठ्या हकिमाचा निर्वाळा देत आहे, हे आईंना अवश्य सांगावे. अत्ताराच्या पुडीत वनस्पती तेवढी आली. मात्रा, बाधा आणि उतारा हे तीनही रकाने हकिमाकडेच राहिले.

आता पुड्या एकेक करून पाहू, आणि सुरुवात अर्थातच हंझलने.

हे म्हणजे आपले कडू इंद्रावण. ओमानच्या वाळवंटात पसरणारा हा वेल राजस्थान-गुजरातच्या रेताड जमिनीत आणि आपल्याकडेही कोरड्या भागात दिसतो. फळ मोसंबीएवढे. हिरवे असताना त्यावर कलिंगडासारखे पट्टे असतात, पिकल्यावर ते पिवळे पडते आणि वाळल्यावर इतके हलके होते की कानाशी हलवले तर आत बिया खुळखुळतात. आजींनी दिलेले फळ असेच असणार. आतला गर पांढरा, स्पंजासारखा आणि जिभेला लागला तर अर्धा दिवस तोंडाची चव जाणार इतका जहाल. इस्लामपूर्व काळातल्या एका विख्यात अरबी कवीने विरहाच्या सकाळी आपल्या डोळ्यांना लागलेल्या धारांना हंझल फोडणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे, यावरून त्या भूमीतल्या लोकांचा या फळाशी किती जवळचा परिचय आहे हे कळते. पण त्या परिचयात सावधगिरीही आहे. जुने अरबी ग्रंथ सांगतात की ज्या वेलीला एकच फळ लागले असेल ते घेऊ नये, ते घातक असते. बिया आणि साल टाकून फक्त गर घ्यावा, आणि त्याचा आतड्यांवरचा दाह मोडण्यासाठी त्यात कतीरा डिंक खलावा. या डिंकातल्या वड्या युरोपातल्या औषधशाळांपर्यंत पोहोचल्या आणि तिथेही ‘अल्हंडल’ याच अरबी नावाने शेकडो वर्षे विकल्या गेल्या.

या गरातील कुकुर्बिटासिन ही द्रव्ये आतड्याचे अस्तर अक्षरशः सोलून काढू शकतात. हंझल खाऊन रक्ती हगवण लागलेले आणि मोठ्या आतड्याला सूज आलेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. तसे रुग्ण वॉरफरिनवर नसतील तरीही त्यांना रुग्णालयात ठेवावे लागते, मग ज्यांचे रक्त मुद्दाम पातळ ठेवले आहे त्यांच्या बाबतीत काय होईल याची कल्पना करवत नाही. साखर उतरवण्याचा गुण हंझलमध्ये असावा अशा खुणा काही लहान अभ्यासांत दिसल्या आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु तिथे मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेली होती आणि रुग्णांवर डॉक्टरांचे लक्ष होते. फळ कापून त्यावर तोंड कडू होईपर्यंत तळपाय दाबून धरण्याची एक रीत अरबस्तानात आहे, ती कदाचित आजी सुचवतील. मधुमेह्याच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते, कातडी भाजली किंवा चरचरली तरी कळत नाही, आणि तिथली जखम महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून हाही प्रयोग नको. फळ लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा रीतीने टाकून द्यावे.

सनाची पाने म्हणजे सोनामुखी. अरबी बाजारात तिला ‘सना मक्की’ म्हणतात आणि गंमत अशी की भारतात तिची मोठी लागवड तमिळनाडूत तिरुनेलवेली भागात होते, म्हणून मत्रहच्या त्या पुडीतली पाने अरबी समुद्र ओलांडून तिथे गेलेली नसतीलच असे नाही. सना हे अस्सल औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे आणि आपल्या औषधाच्या दुकानातल्या कितीतरी रेचक गोळ्यांत व चूर्णांत तेच असते. पानांतील सेनोसाइड पोटात काही करत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोहोचल्यावर तिथले जिवाणू त्यांची फोड करतात, मग आतड्याला पीळ पडून ते हलू लागते. या प्रवासाला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेऊन सकाळी पोट साफ होते. निरोगी माणसाने दोन-चार दिवस घेतले तर हरकत नसते. आईंच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. लघवीच्या गोळीने पोटॅशियम आधीच बाहेर जात असण्याची शक्यता आहे, जुलाबाने ते आणखी जाते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. शिवाय जुलाब लागले की वॉरफरिनचा हिशेबही चुकतो. त्यात उकळलेल्या काढ्याची मात्रा कोणालाच सांगता येत नाही, कारण मूठभर पाने म्हणजे आजींची मूठ की आईंची, आणि उकळी पाच मिनिटांची की वीस, यावर सगळे अवलंबून असते. बद्धकोष्ठासाठी इसबगोल चालेल का हे डॉक्टरांना विचारावे. चालत असल्यास तो भरपूर पाण्याबरोबर आणि गोळ्यांच्या वेळेपासून दोन तास तरी अंतर ठेवून द्यावा. पायांच्या सुजेसाठी डॉक्टरांनी दिवसभरातल्या पाण्याला मर्यादा घातली असेल तर तीही त्यांना आठवण करून द्यावी.

काळे दाणे म्हणजे कलौंजी, आपल्या लोणच्याच्या मसाल्यात आणि नानवर भुरभुरलेली असते तीच. कडू जिरे आणि शहाजिरे ही निराळी झाडे आहेत, तेव्हा परत आल्यावर कोणी ‘काळे जिरे’ म्हणून दुसरेच काही हातावर ठेवले तर फसू नये. कलौंजीचे दाणे काळेभोर, कोनदार आणि खरबरीत असतात आणि चुरडले की ओव्यासारखा उग्र वास येतो. मृत्यू सोडून सर्व रोगांवर हे दाणे उपाय आहेत, असे पैगंबरांचे वचन हदीसमध्ये आहे, त्यामुळे आजींसाठी ही पुडी नुसत्या औषधाची नाही. त्या श्रद्धेचा मान राखूनच पुढचे बोलावे. या दाण्यांवर गेल्या काही दशकांत भरपूर संशोधन झाले आहे. २०१० मध्ये सौदी अरेबियातून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९४ मधुमेही रुग्णांना त्यांच्या चालू गोळ्यांबरोबर तीन महिने रोज १, २ किंवा ३ ग्रॅम कलौंजी दिली, आणि २ ग्रॅमच्या गटात उपाशीपोटीची साखर लक्षणीय उतरली. म्हणजे आजींचे म्हणणे निराधार नाही. पण नेमकी इथेच मेख आहे. ग्लिमेपिराइडने साखर आधीच खाली ओढली जात आहे, तिला आणखी एका हाताने ओढले तर ती पहाटे झोपेत धोकादायक पातळीवर उतरू शकते. दुसरे असे की कलौंजीतील थायमोक्विनोनसारखी द्रव्ये रक्त गोठण्यावर आणि यकृतात औषधे मोडणाऱ्या विकरांवर परिणाम करतात असे प्रयोगांत दिसले आहे, आणि वॉरफरिन याच विकरांच्या भरवशावर शरीराबाहेर जाते. लोणच्यातले दाणे चालतील, रोज चमचाभर मधातून नको. आणि मध हे साखरेच्या रुग्णाला औषधाचे वाहन म्हणून कसे चालेल, हा साधा प्रश्न आईंनाही पडायला हवा होता. येमेनच्या हद्रमौतमधला बोरीच्या फुलांचा मध जगात नावाजलेला आणि महाग आहे, पण रक्तातल्या साखरेला त्याची किंमत कळत नाही.

हुलबा म्हणजे मेथीदाणे, त्याबद्दल आईंना मी काय सांगावे! येमेनमध्ये मेथीचा फेस घोटून तो कालवणावर घालतात, आपण मेथीचे लाडू बाळंतिणीला देतो, आणि अरब घरांतही बाळंतिणीच्या आहारात हुलबा असतेच. फोडणीत, भाजीत, लोणच्यात मेथी जशी चालत आली तशी चालू द्यावी. भिजवलेले मेथीदाणे मोठ्या प्रमाणात रोज घेतल्यास त्यातला चिकट तंतू साखर शोषण्याचा वेग कमी करतो आणि सोबतच्या गोळ्यांचाही करू शकतो. वॉरफरिनवरच्या एका रुग्णात मेथी असलेल्या मिश्रणाने आय.एन.आर. वाढल्याचेही नोंदले गेले आहे. पालेभाजीचा परिणाम नेमका उलट असतो, कारण हिरव्या पानांतले के जीवनसत्त्व वॉरफरिनचा जोर कमी करते. म्हणून मेथीची भाजी आठवड्यात जितक्या वेळा साताऱ्याला होत होती तितक्याच वेळा मस्कतलाही व्हावी. एकदम वाढवू नये आणि घाबरून एकदम बंदही करू नये.

लुबानच्या पुडीबद्दल लिहिताना हात थोडा सैल सोडतो, कारण ही पुडी आपल्याला मिळाली याचा मला हेवा वाटतो. ओमानच्या दक्षिणेला धोफार प्रांतात डोंगरापलीकडच्या कोरड्या पट्ट्यात लुबानची झाडे वाढतात. सालीला चीर देऊन काही दिवसांनी घट्ट झालेले थेंब खरवडून काढतात. हाच डिंक उंटांच्या तांड्यांनी आणि गलबतांनी रोमपासून आपल्या कोकणकिनाऱ्यापर्यंत गेला. २००० मध्ये युनेस्कोने तिथली लुबानभूमी जागतिक वारशात घेतली. हौजरी हा सर्वांत वरचा प्रकार, त्याचे खडे हिरवट किंवा चांदीसारखे पांढुरके आणि जवळजवळ पारदर्शक असतात. पिवळट, तांबूस आणि सालीचे तुकडे अडकलेले खडे खालच्या प्रतीचे. विदर्भातल्या मेळघाटच्या जंगलात दिसणारा सालई हा याच झाडाचा भाऊ, आणि गुडघेदुखीवर त्याच्या डिंकाच्या गोळ्या घेऊन काहींना थोडा आराम पडल्याचे अभ्यास आहेत. पण ज्या बोस्वेलिक आम्लांमुळे हा गुण येतो ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत. खडे रात्रभर भिजवले की पाणी दुधाळ होते ते मुख्यतः त्यातल्या गोंदामुळे. शिवाय वॉरफरिनबरोबर सालईच्या गोळ्या घेणाऱ्यांत आय.एन.आर. वाढल्याची प्रकरणे आहेत. तेव्हा आईंनी हे पाणी पिऊ नये आणि गुडघ्यासाठी सालईच्या गोळ्याही मनाने आणू नयेत. खडे निखाऱ्यावर टाकावेत, खिडकी उघडी ठेवावी, घरात कोणाला दमा असेल तर त्या खोलीत धूर करू नये. बाकी सगळी पुडी आनंदाने वापरावी.

हरमलबद्दल थोडक्यात. आपल्याकडे मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढतात, तिकडे हरमलच्या तपकिरी बिया निखाऱ्यावर तडतडवतात, त्यात गैर काही नाही. पण या बियांत हार्मिन आणि हार्मलिन ही मेंदूतल्या रसायनांवर काम करणारी द्रव्ये असतात. त्या पोटात गेल्या तर भ्रम, उलट्या, रक्तदाबात चढउतार होतो, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर त्यांचा संयोग प्राणघातक ठरू शकतो. गरोदर स्त्रीने तर त्यांना हातही लावू नये. पुडीवर मोठ्या अक्षरांत ‘फक्त धुरीसाठी’ असे लिहून ती स्वयंपाकघरातून हलवावी. मोहरीच्या डब्याशेजारी ती राहिली तर एखाद्या दिवशी फोडणीत जाईल.

या सहा पुड्यांचे एक भाग्य असे की त्यांतली प्रत्येक वस्तू अखंड आहे, ओळखता येते. साखरेवरची, सांधेदुखीवरची किंवा वजनावरची म्हणून जी तयार पूड मिळते तिच्या वाटेला मात्र कधीही जाऊ नये, कारण मस्कत असो की मुंबई, अशा पुडींत साखर उतरवणारे ग्लिबेनक्लेमाइड किंवा स्टिरॉइड यांसारखी आधुनिक औषधे गुपचूप मिसळलेली अनेक देशांत सापडली आहेत. ‘ज़रावंद’ नावाचे मूळ कोणी कर्करोगावर म्हणून सुचवले तर तेही नाकारावे. त्यातील अरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड कायमचे निकामी करते आणि स्वतःच कर्करोग उत्पन्न करते. आपल्या पत्रात तान्ह्या बाळाचा उल्लेख नाही, तरी आखाती देशांत राहणाऱ्या इतर वाचकांसाठी सांगतो, की बाळाच्या पोटदुखीवर ‘बिंत अल्-ज़हब’ नावाची जी पिवळसर भुकटी काही ठिकाणी दिली जाते ती वनस्पती नसून शिशाची राख आहे. बाळाच्या जिभेला ती एकदाही लागू देऊ नये.

राहिल्या आजी. ओमानी शेजारधर्मात आणलेली वस्तू परत करणे हा अपमान समजला जातो, म्हणून काहीच परत करू नये. लुबान आणि हरमल वापरावे, हुलबा स्वयंपाकात घालावी आणि त्यांनी दिलेल्या लुबानचा वास त्यांच्याच पुढ्यात दरवळू द्यावा. काळ्या दाण्यांबद्दल त्यांनी विचारले तर सरळ सांगावे, की आईंच्या हृदयात धातूची झडप आहे आणि तिच्यासाठी जी गोळी चालू आहे तिच्याबरोबर हे दाणे जोरात काम करतात, म्हणून डॉक्टरांनी थांबवायला सांगितले आहे. ‘तुमच्या औषधात दम नाही’ असे नव्हे, ‘दम जास्त आहे’ असे हे सांगणे आहे, आणि ते खरेही आहे. मधुमेह ओमानमध्ये घरोघरी आहे, गोळ्यांचा आणि तपासण्यांचा प्रपंच आजींना समजावून सांगावा लागणार नाही. आईंना त्यांच्याशी बोलायला विषय हवा असेल तर हिरड्याचा काढावा. बगदादच्या खलिफांच्या काळात बर्मकी वजिरांच्या आश्रयाने सुश्रुतसंहिता अरबीत गेली. हिरडा, बेहडा आणि आवळा ही फळेही अरबी औषधशाळेत गेली आणि त्रिफळ्याचे ‘इत्रिफल’ होऊन बसले. त्या अत्ताराच्या दुकानात हिरडे नक्की असतील. आजींना साखर नसेल तर थोडे मेथीचे लाडू वळून पाठवावेत. हुलबा त्यांचीच, लाडू आपले.

आईंना घेऊन डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर दोन रकाने करावेत. एकात चालू गोळ्यांची नावे, त्यांची मात्रा आणि वेळा. दुसऱ्यात काळे दाणे आणि सना यांची नावे, किती घेतले, किती दिवस घेतले आणि शेवटचे कधी घेतले. अरबी नावाबरोबर शास्त्रीय नावही लिहावे, म्हणजे तिथल्या आणि पुढे साताऱ्याच्या डॉक्टरांनाही ते कळेल: कलौंजी म्हणजे नायजेला सटायव्हा, सना म्हणजे सेना अलेक्झांड्रिना. पुड्या सोबत न्याव्यात. रागावतील म्हणून काही लपवू नये, असे आईंना निघण्याआधी बजावावे, कारण घेतलेल्या काढ्याची माहिती नसताना वाढलेला आय.एन.आर. पाहून डॉक्टरांनी वॉरफरिन कमी केली आणि इकडे काढा बंद झाला, तर चार दिवसांनी रक्त पुन्हा घट्ट होईल. म्हणूनच पहिल्या तपासणीनंतर साधारण आठवड्याने दुसरी तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारून तारीख लिहून घ्यावी.